दशमी होईपर्यंत

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२९ जून २०२५

वल्लरी,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहावं की लिहू नये, या विचारात एक कागद फुकट गेला. आशीर्वाद आहेतच असं समज. तू माझा नंबर ब्लॉक केलास, निनादचाही केलास. तुझ्या भावाला फोन लावला तर तो म्हणतो, "ताई बिझी आहे." तीन वेळा लावला, तिन्ही वेळा तू बिझी. एवढ्यावर माणसाने काय ते समजावं, तेवढी अक्कल तुझ्या सासूला आहे. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला अजून ब्लॉक करता येत नाही.

तुला परत बोलवायला लिहीत नाहीये. आधीच सांगते, नाहीतर अर्ध्यात फाडशील.

शुक्रवारी बँकेची दोन माणसं आली. एकाने दाराला कागद चिकटवला, दुसऱ्याने त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. घराचा ताबा बँकेने कागदोपत्री घेतल्याची नोटीस. पहिलं नाव तुझं, मग निनादचं, मग 'कै. विनायक यांचे वारस'. ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील आता. दारावरची त्यांची पाटी मी अजून काढली नाही, आणि त्याच दारावर त्यांना कैलासवासी करायचं काम बँकेने केलं.

समोरच्या सुमतीबाई लगेच बाहेर. "काय हो, कसला कागद?" मी म्हटलं, "सोसायटीचा आहे, पाण्याच्या मीटरचा." त्यांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि म्हणाल्या, "हो का, पाण्याचा का." जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्याआधी रजिस्टर नोटिसा आल्या होत्या, तुझ्या नावाच्या आणि निनादच्याही. मी पोस्टमनला सांगायची, ती इथे राहत नाही, तो बाहेरगावी आहे. आमच्या भिशीतली किशोरी म्हणाली होती, नोटीस हातात घेतलीच नाही तर ती लागू होत नाही. चार महिने मी त्या भरवशावर गाढ झोपले. आता बँकेतले साहेब म्हणतात, "काकू, परत पाठवली म्हणजे मिळालीच असं कायद्याने धरतात." किशोरीला विचारलं तर म्हणे, "माझ्या नणंदेच्या वेळी नव्हतं बाई असं."

हप्ते आठ महिन्यांचे राहिलेत. तळोज्याची कंपनी बंद झाली तेव्हा निनादने घरात सांगितलं नाही, हे तुला माहीत आहे. तुझा पगार हप्त्यासाठी त्याच्या खात्यात यायचा तो त्याने शेअरबाजारात घातला, हेही तुला माहीत आहे, कारण त्याच पायी तू गेलीस. मला सगळ्यात शेवटी कळलं. मी लोकांना सांगते, वल्लरीच्या आईला बरं नसतं म्हणून ती चिपळूणला असते. तुझ्या आईला उदंड आयुष्य लाभो.

साहेब तसे बरे आहेत. म्हणाले, अजून वेळ आहे. कर्जाची मुदत वाढवून हप्ता लहान करून घ्यायचा अर्ज करा. पण त्यावर दोन्ही कर्जदारांची सही हवी. घर तुझ्या नावावर पहिलं घेतलं ती ह्यांचीच हौस. पहिलं नाव बाईचं असलं की कर्जाचं व्याज थोडं कमी लागतं, म्हणून खूश होऊन तीन दुकानं फिरून पेढे आणले होते. तेव्हा तू घरात होतीस, सही म्हणजे स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन करायची गोष्ट होती.

अर्ज सोबत आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. माझ्यासाठी नको करूस. घरासाठी कर.

आई


खांदा कॉलनी
२४ जुलै २०२५

वल्लरी,

अर्ज मिळाला. सही केलीस, उपकार झाले. सोबत एक ओळ लिहायला शाईला महागाई आली होती का? पाकीट झटकून पाहिलं, मग फाडून उलटं करून पाहिलं. असो.

बँकेने अर्ज नाकारला. निनाद हल्ली पनवेलला औषधांच्या एका गोडाऊनमध्ये हिशेब लिहितो. साहेब म्हणाले, ह्या पगारात नुसतं व्याजसुद्धा निघत नाही, मुदत वाढवून काय करणार? दुसऱ्या बँकेत कर्ज हलवता येईल का म्हणून निनाद तीन ठिकाणी जाऊन आला. थकलेलं खातं म्हटल्यावर कुणी खुर्चीसुद्धा देत नाही म्हणतो.

मग एसटी स्टँडजवळच्या एका वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, मुंबईला न्यायाधिकरणात दाद मागू, आधी काही रक्कम भरावी लागेल, मग स्थगिती मिळाली तर मिळाली. मी विचारलं, "मिळाली तर काय होईल?" म्हणाले, "चार-सहा महिने ढकलता येतील." मी म्हटलं, "आणि मग?" त्यावर त्यांनी पुढच्या अशिलाला आत बोलावलं. अर्थात फी आधीच घेतली होती.

आता राहिली एकच वाट. बँकेने विकायच्या आत आपण विकायचं. बँकेची परवानगी घेऊन, गिऱ्हाईक आपणच आणून. येणाऱ्या पैशांतून कर्ज फिटेल, वर थोडं उरेल, त्यात कुठेतरी दोन खोल्या भाड्याने घेता येतील. आणि तुझ्यामागे काही राहणार नाही. लिलावात घर पडत्या भावाने जातं, कमी पडेल ते कर्जदारांच्या डोक्यावर तसंच राहतं. साहेबांनी हे दोनदा सांगितलं, म्हणून मीही सांगते. आपण विकलं तर लोक म्हणतात घर विकलं. बँकेने विकलं तर म्हणतात बुडाले.

निनाद घरात बोलत नाही. जेवतो, ताट उचलतो, जातो. काल मी त्याला म्हटलं, "अरे, मला दोन शिव्या तरी दे, घरात आवाज होईल." तर म्हणाला, "आई, भात अजून वाढ." हल्ली तो तुझ्या खुर्चीत बसून जेवतो. मी ताट तिथेच मांडते.

घर विकायचं हे लिहिताना दोनदा खोडलं, डाग दिसतोच आहे. ह्यांचा फंडाचा पैसा त्यात गेलाय. शेवटचे दोन महिने त्याच गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. तुला आवाज द्यायचे, "वल्लरी, चहाचं बघ गं." मला नाही द्यायचे. मी केलेला चहा त्यांना पांचट लागायचा.

आई


खांदा कॉलनी
२१ ऑगस्ट २०२५

वल्लरी,

गिऱ्हाईक मिळालं! देवाने डोळे उघडले म्हणायचे.

केतन नाव त्याचं. विचुंब्याचा, आगरी आहे. आजोबांचं मिठागर होतं, ते सरकारने घेतलं, त्याच्या मोबदल्याचे पैसे वडिलांनी सांभाळून ठेवलेत. मुलीला इथल्या शाळेत घातलंय, म्हणून जवळ घर हवंय. बायको मनस्वी बरोबर होती. घर बघायला आला तो चपला काढून थेट स्वयंपाकघरात, नळ सोडून बघितला, संडासाची कडी लावून बघितली, गॅलरीतून खाली वाकून बघितलं. मग म्हणाला, "काकी, घर आमाला पसंत हाय. भाव तुमी बोलला तो ठीक हाय. लांबड नाय लावायची."

मी त्याला नोटिशीचं खरं काय ते सांगितलं. म्हटलं, नंतर कळून पळण्यापेक्षा आत्ता पळ. तो हसला. "मना माहीत हाय. खाली वॉचमननीच सांगितला." झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आमची मूठ वॉचमननेच उघडून ठेवली होती.

केतन, निनाद आणि मी, तिघं मिळून बँकेत गेलो. साहेबांनी सगळं नीट समजावलं. एक दिवस ठरवायचा, त्या दिवशी केतनने पैसे बँकेत जमा करायचे आणि आपण सगळ्यांनी करारावर सह्या करायच्या. सह्या तीन. तुझी, निनादची आणि माझी. ह्यांच्या हिश्श्याची वारस म्हणून माझी लागते. मी आपली उगीच ऐटीत बसले. म्हटलं, अरे वा, आमचीही सही लागते म्हणायची.

पण एक अट आहे. बँकेची लिलावाची जाहिरात पेपरात येण्याआधी हे व्हायला हवं. एकदा जाहिरात छापून आली की मग आपला हक्क संपला, लिलावच. मी विचारलं, "कधी छापणार?" साहेब म्हणाले, "ते वरून येतं, काकू. सप्टेंबरमध्ये कधीही येईल. जितक्या लवकर कराल तितकं बरं."

गणपती सत्तावीसला. यंदा दीडच दिवसाचा बसवणार, मूर्तीही लहान सांगितली आहे. त्यानंतरचा कुठलाही दिवस कळव. तू ये, सही कर, जा. मी तुला अडवणार नाही. निनादला तू येशील तेव्हा बाहेर उभं करीन, हवं तर.

पण ये गं.

आई


खांदा कॉलनी
४ सप्टेंबर २०२५

वल्लरी,

तुझं कार्ड मिळालं. चार वाक्यं. '११ तारखेला रजा मिळते. सकाळी बँकेत येईन. सही करून दुपारच्या गाडीने परत. घरी येणार नाही.' चौथं वाक्य लिहिलं नसतंस तरी चाललं असतं. तुझ्या लॅबमधले रिपोर्टही ह्यापेक्षा मायेने लिहीत असतील.

आता नीट ऐक, आणि चिडू नकोस. अकरा तारीख नको.

सोमवारपासून पितृपक्ष लागतोय. अकराला पंचमी आहे. पितरांच्या पंधरवड्यात माणूस साधी चप्पल घेत नाही, आणि मी घर विकू? तेही ह्यांचं घर, ह्यांची दशमी व्हायच्या आत? सोळाला दशमी आहे, ह्यांची तिथी. त्यांचं पान त्यांच्या घरात वाढायचं, ते जेवून गेले की मग जे व्हायचं ते होऊ दे. आधी घर दुसऱ्याला देऊन मोकळी झाले तर सोळाला पान कुठे वाढू? जिन्यात?

निनादला सांगितलं तर त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, "आई, पेपरात जाहिरात आली तर?" मी म्हटलं, इतके महिने नाही आली, ती नेमकी त्या पंधरा दिवसांत येईल का? केतनला विचारलं. तो म्हणाला, "काकी, आमचे घरी पन पितरांत काय घेत नाय. बाबा कुरकुर करतान. पन मी बोललो, बँक काय आपले पितर मानत नाय. तुमी बघा." शेवटी माझ्यावर सोडलं ना? मग मी बघितलं. साहेब म्हणाले, तुम्हाला यायचं नसेल तर निनादला मुखत्यारपत्र द्या. अरे पण तीही माझी सहीच की!

तर तू तेवीसला ये. नवरात्राची दुसरी माळ. रजा बदलून घे, तुझ्या त्या डॉक्टरांना सांग सासूबाई आजारी आहेत. मला काही होत नाही खोटं बोलल्याने. सकाळी बँकेतलं उरकू आणि मग अर्धा तास घरी ये. घरी म्हणजे दारापर्यंत. नवरात्रात सवाष्णीला रिकामी पाठवायची नसते. ओटी भरते, आणि जा.

अर्धा तासच.

आई


खांदा कॉलनी
१८ सप्टेंबर २०२५

वल्लरी,

काल सकाळी जाहिरात आली.

दोन पेपरांत, एक मराठी आणि एक इंग्रजी. सुमतीबाईंनीच पेपर आणून दिला, घडी घालून, त्या पानाची घडी वर ठेवून. फ्लॅट नंबर, विंग, मजला, तुझं नाव, निनादचं नाव, ह्यांचं नाव, घराची राखीव किंमत. किंमत मी दोनदा वाचली. केतन देणार होता त्याच्या जवळपाससुद्धा नाही. सत्तावीस ऑक्टोबरला लिलाव.

निनाद आणि मी धावत बँकेत गेलो. मी साहेबांना म्हटलं, "गिऱ्हाईक तयार आहे, मीही तयार आहे, आत्ता सही करते, पेन द्या." ते म्हणाले, "काकू, मी तुम्हाला सांगितलं होतं. आता माझ्या हातात नाही. वकिलाला विचारा." वकील म्हणाले, जाहिरातीच्या आधी आला असतात तर. त्यांनीही फी घेतली. आमच्याकडून फी न घेता 'आधी आला असतात तर' एवढं कुणी म्हणत नाही.

आणि परवा दशमी झाली. गुरुजी आले, निनाद बसला, वडे-खीर-भाजी सगळं केलं. दोन वर्षांत एवढं नीट झालं नव्हतं. मी समाधानाने झोपले. आता वाटतं, पेपर छापायचं मशीन त्या वेळी चालू असेल.

मी सगळ्यांवर चिडलेय. बँकेवर, मोबदल्यावर बसलेल्या त्या केतनवर, जाहिराती छापणाऱ्यांवर, निनादवर तर आहेच. आणि तुझ्यावरही. तू गेलीस नसतीस तर एका छताखाली तीन सह्या होत्या. तासाभरात झाल्या असत्या. हे मी लिहायला नको होतं, पण लिहिलंय, आता खोडत नाही.

अकराला निनादचा फोन आला होता. मी दशमीच्या वड्यांसाठी डाळ निवडत होते, पंख्याचा आवाज होता, नीट ऐकू आलं नाही. बँकेत ये म्हणत होता. मी म्हटलं, दशमी झाल्याशिवाय नाही म्हणजे नाही, आणि ठेवला. तू आली नसशीलच. मी तेवीस कळवलं होतं ना.

तेवीसला आता यायची गरज नाही. कशाला येशील?

आई


खांदा कॉलनी
३ ऑक्टोबर २०२५

वल्लरी,

काल दसरा. केतन आला होता. आपट्याची पानं दिली, माझ्या पाया पडला. त्याने विचुंब्यातच एक तयार फ्लॅट घेतला. म्हणाला, "काकी, लिलावात बोली लावायला बाबा नाय बोलले. रडत्या मानसाचा घर घ्यायचा नाय बोलतान." मी त्याला गोड दिलं. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "वैनीना किती वाईट वाटला असल. त्या दिवशी चार वाजेपर्यंत बसली होती ती."

मी म्हटलं, "कोण बसली होती?"

मग त्याने सांगितलं, आणि तुला सगळं माहीतच आहे, तरी मी लिहिते, कारण हे माझ्या हाताने लिहिलं जायला हवं. तू अकराला आलीस. रजा बदलून मिळाली नाही म्हणून आलीस, पहाटेची गाडी पकडून. बँक उघडायच्या आधी पायरीवर उभी होतीस. साहेबांनी निनादला आणि केतनला फोन करून बोलावलं, केतन पैसे घेऊन आला. तू सही केलीस. निनादने केली. तुम्ही दोघं एका बाकावर बसलात, मध्ये तुझी पर्स ठेवून. दुपारची गाडी तू सोडलीस. साहेब जेवून आले तरी तुम्ही बसलेले होतात. त्यांनी निनादला म्हटलं, "एकच सही राहिली आहे, आईंना रिक्षाने आणा ना." निनाद म्हणाला, "ती येणार नाही." केतन घ्यायला येतो म्हणाला, तर त्याला तू अडवलंस. "नको, त्यांच्यावर जबरदस्ती नको," असं म्हणालीस म्हणे.

का अडवलंस गं? फरफटत न्यायला हवं होतं मला.

वल्लरी, डाळ निवडत होते हे खरं. पंखा चालू होता हेही खरं. पण ऐकू आलं नाही हे खोटं. निनाद म्हणाला होता, "आई, ती आली आहे. फक्त तुझी सही राहिली." शब्द न् शब्द ऐकला मी. आणि तरी नाही म्हटलं.

पितरांचं निमित्त होतं, असं म्हणणार नाही. ते मी मनापासून मानते, मरेपर्यंत मानीन. पण त्याच्या आत आणखी एक होतं, ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. अकराला सही झाली असती तर तू बाकावरून उठून थेट स्टँडवर गेली असतीस. घर विकलं की तुझा आमच्याशी कागदाचाही संबंध उरला नसता. तू लिहिलंच होतंस, घरी येणार नाही. मला वाटलं, तेवीसला ढकललं तर नवरात्र असेल, तू सवाष्ण, ओटीला नाही म्हणणार नाहीस. दारात तरी येशील. दारात आलीस की मी तुला आत ओढीन, खुर्चीवर बसवीन, निनाद चहा करील. मी काय काय ठरवलं होतं! दुधाचं जास्तीचं पाकीटसुद्धा सांगून ठेवलं होतं तेवीससाठी.

तुला घरी आणायच्या नादात मी घरच घालवलं. एवढ्या वयाच्या बाईला एवढी अक्कल नसावी?

निनादने हे मला सांगितलं नाही, म्हणून काल मी त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "सांगून काय झालं असतं? तू ऐकलं होतंस ना फोनवर." मग भात न घेता उठला.

शशिकला


विचुंबे
३० नोव्हेंबर २०२५

वल्लरी,

पत्ता बदललाय, वर बघ. केतनच्या वडिलांनी, तुळशीरामांनी, त्यांच्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्यात. भाडं बाहेर घेतात त्याहून कमी लावलं. मी जास्त देते म्हटलं तर म्हणाले, "वैनी, राव्हा गपचिप." गप्प राहायला सांगणारं माणूस मला ह्या वयात मिळालं.

लिलाव एका दिवसात उरकला. वाशीच्या कुणीतरी घेतलं, माणूस बघायलाही आला नाही. मागच्या गुरुवारी ताबा घ्यायला बँकेची माणसं आली, एक पोलीस आणि पंच म्हणून सुमतीबाई. बिचाऱ्या नाही म्हणत होत्या, मीच म्हटलं, तुम्हीच व्हा, निदान वाचून तरी सही कराल. त्या लोकांनी एकेक खोली लिहून घेतली. गॅलरीत एक जण म्हणाला, "इथे काही नाही." खरंच काही नव्हतं. किल्ल्या निनादने दिल्या. सुमतीबाई सही करताना रडल्या. मी नाही. मला रडूच येत नाही हल्ली.

निनाद पुण्याला गेला. तिथे काहीतरी मिळालंय म्हणाला, काय ते सांगितलं नाही. महिन्याला पैसे पाठवतो, फोन करत नाही. मी केला तर 'हं' म्हणतो. मी समजून घेते.

आता जे सांगायचं ते सांगते. परवा तुझ्या भावाचा फोन आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून केला. मला हायसं वाटलं, म्हटलं बिझीपणा संपला. तो म्हणाला, तुला चिपळूणला स्वतःची लॅब काढायची होती. जागा बघितली होती, डॉक्टरांनी पेशंट पाठवायचं कबूल केलं होतं, मशीनसाठी कर्ज मागितलं. तिथल्या बँकेने तुझं नाव टाकून बघितलं आणि अर्ज परत दिला. आमचं घर लिलावात कमी भावाने गेलं, राहिलेलं कर्ज तुझ्या नावावर दिसतं. म्हणजे फेडेपर्यंत तुला कुणी दारात उभं करणार नाही. त्याने हे सगळं सांगितलं आणि म्हणाला, "ताई म्हणाली, तुम्हाला सांगू नकोस. मी सांगतोय." मग ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. एकटीच गेले, रिक्षाने. साहेबांना म्हटलं, "राहिलं आहे ते सगळं माझ्या नावावर घाला. मुलीचं नाव काढा. मला ह्यांची पेन्शन येते, अर्धी का होईना, दर महिन्याला तुमच्या खिडकीवर आणून देईन. मरेपर्यंत देईन." त्यांनी फाइल उघडून पाहिली, मिटली. मग म्हणाले, "काकू, तुम्ही कर्जदार नाही. असं नाव बदलता येत नाही."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी माझ्या सहीशिवाय तुमचं अडलं कसं?"

म्हणाले, "ती सही घर विकायला हवी होती. घर आता राहिलं नाही."

बँकेतून बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिले. एका रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे जायचं, आजी?" मला पत्ता आठवेना. आधी खांदा कॉलनी म्हणाले, मग नाही म्हणाले, तो निघून गेला.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभावच तसा, आणि मग मला सुटल्यासारखं वाटेल. मला सुटायचं नाही. थोडे थोडे पैसे तुझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवत जाईन. परत पाठवू नकोस. लॅबचं मशीन त्यात येणार नाही हे मला कळतं, तरी पाठवीन.

तू सही केलीस, निनादने केली, केतन पैसे घेऊन चार वाजेपर्यंत बसला. सगळ्यांनी आपापलं केलं. आता निनाद माझ्याशी बोलत नाही, तुझी लॅब होणार नाही, आणि ह्यांची दशमी मात्र अगदी व्यवस्थित पार पडली.

शशिकला